बारामतीतलं अळणी

भिगवण रोडवरच्या त्या हॉटेलाच्या पायऱ्या चढताना मी बायकोला शेवटचं बजावलं, "मी जेवीन, पण बोलनार न्हाय."

"नका बोलू," ती म्हणाली. "घास घालायला तोंड लागतं, तेवढं उघडा म्हंजी झालं."

मी डाळिंबाचा व्यापारी आहे. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या सायकलीला बांधून मी बारामतीच्या मंडईत आलो, तेव्हा मला उभं राहायला सावलीसुद्धा नव्हती. आज मार्केट यार्डात माझा स्वतःचा गाळा आहे. हात धरून कोणी आणलं नाही. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं, आणि भावाला बसलो की समोरच्याला मी शेवटपर्यंत सोडत नाही, हे बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांना माहीत आहे. पण घरातला हा सौदा माझ्या बायकोनं जिंकला होता.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा व्हिएतनाममध्ये एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं आणि तिला घेऊन तो पहिल्यांदाच गावी, सणसरला आला होता. नवी सून आली की चुलत्यानं जोडप्याला जेवायला घरी बोलवायचं आणि चुलतीनं सुनेची ओटी भरायची, ही आमच्यातली रीत. मी सांगून टाकलं होतं, ती माझ्या घराची पायरी चढणार नाही. सांगितलं म्हणजे ओरडलो होतो. शेजारच्या गच्चीवर धुणं वाळत घालणाऱ्या बायकांनीही ते ऐकलं होतं, म्हणजे माघारीचा रस्ता बंद.

बायकोनं खण-नारळ काढून देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि रोज सकाळी चहा देताना थोडंथोडं मागायला सुरुवात केली. देवळात ओटी भरते म्हणाली. मी नाही म्हणालो. सांगवीला आमच्या बहिणीकडं सगळे जमू म्हणाली. बहीण भावाच्या बाजूची, तिथं तर मुळीच नाही म्हणालो. मग एका सकाळी ती म्हणाली, "हॉटेल कुनाच्या बापाचं घर न्हाय. तितली पायरी तुमची बी न्हाय, त्यांची बी न्हाय." तेव्हा मी दुसरीकडून धरलं. मटणाच्या हॉटेलात अर्धा बाजार ओळखीचा बसलेला असतो, तिथं मी तोंड दाखवणार नाही.

"मंग वळखीचं कुनी येनार न्हाय असं बगू," ती म्हणाली. जणू मी एवढं बोलायचीच ती वाट बघत होती. व्हिएतनामी शेवयांचं हॉटेल बारामतीत निघाल्याचं तिला पुतण्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

माझा राग त्या मुलीवर नव्हता, हे आधी सांगतो. राग थोरल्यावर होता. त्याला आम्ही सगळे आबा म्हणतो. अडीच वर्षांपूर्वी आबानंच मला सांगितलं होतं, "पोराला एखादं चांगलं घर बग. तुझी सगळीकडं ऊठबस हाय." मी बघितलं. भवानीनगरच्या अलीकडं एक शेतकरी आहे, त्याची बाग मी पुष्कळ वर्षं घेत आलोय. भला माणूस, मुलगी शिकलेली. मी त्याच्या अंगणात बसून शब्द दिला. साखरपुड्याची तारीख धरली. आणि साखरपुडा चार दिवसांवर आला असताना आबाचा फोन आला, की पोरानं तिकडंच लग्न केलंय. कधी केलं विचारलं, तर म्हणाला, दिवाळीतच. म्हणजे मी त्या अंगणात बसून सुपारी फोडत होतो, तेव्हा याला सगळं ठाऊक होतं.

डाळिंबाच्या धंद्यात कागद फार नसतो. बाग बघितली, झाडाला हात लावला, आकडा बोललो, की झालं. पुढं भाव पडो नाहीतर चढो, बोललेला आकडा हलत नाही. माझ्यासारख्या माणसाला त्याच्या शब्दाशिवाय काय असतं? तो शब्द आबानं मोडला, आणि मोडल्याचं सांगायला त्या अंगणात मला एकट्याला पाठवलं. स्वतः आला नाही. त्या मुलीचं पुढं वर्षभरात लग्न झालं, चांगल्या घरी पडली. तरी त्या अंगणात मी ज्या जागी उभा होतो, ती जागा माझ्या पायांना अजून आठवते. समोर शेतकरी खाली मान घालून दोरीची गाठ सोडवत बसला होता आणि मी बोलत होतो. त्यानं मान वर केलीच नाही. त्यानंतर दोन वर्षं मी आबाशी एक अक्षर बोललो नव्हतो.

तर अशा माणसानं त्या दुपारी हॉटेलाचं काचेचं दार ढकललं.

पुढचं मला ओळीनं आठवत नाही. वाफेतून बघितल्यासारखं आठवतं. थंडीचे दिवस होते, दुपारचं ऊन काचेतून आत येऊन टेबलांवर लोळत होतं. भिंती फिकट हिरव्या होत्या. कुठंतरी आत पातेलं उकळत होतं आणि त्याचा वास सगळ्या खोलीत हळूहळू हिंडत होता. भाजलेला कांदा, भाजलेलं आलं, दालचिनी, चक्रीफूल. पण हे सगळं लांबून, कोणीतरी शेजारच्या गल्लीत करत असल्यासारखं. बाहेर उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला तरी आत त्याचा नुसता थरथराट आला, आवाज आला नाही.

आबा खिडकीशी बसला होता. दोन वर्षांत तो बारीक झाला होता. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, त्यामुळं तो मला एकदम उघडा दिसला. शेजारी वहिनी, तिच्या पलीकडं पुतण्या, आणि त्याची बायको. लहानशी, पंजाबी ड्रेस, खांद्यावर ओढणी नीट पिना लावून बसवलेली. वहिनीनंच लावून दिली असणार. मी आबाच्या समोर न बसता तिरका बसलो, म्हणजे बघायला नको.

हॉटेलाचा मालक स्वतःच वाढत होता. पोट सुटलेला, गोव्याकडं मोठ्या हॉटेलांतून काम करून आलेला गडी. त्यानं परातीएवढे वाडगे आणून ठेवले. तळाशी तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर कोंबडीचे तुकडे, कांद्याची पात, आणि वरपर्यंत स्वच्छ सोनेरी पाणी. वेगळ्या ताटलीत मोड आलेले मूग, पुदिना, तुळशीसारखा एक पाला, मिरचीच्या चकत्या.

"लिंबाची फोड मानशी एकच?" मी विचारलं. न बोलण्याचा ठराव घरच्यांपुरता होता.

"आनतो की," तो म्हणाला.

"आना. आनि मिरची काय अशी मोजून देत्यात व्हय? हितं काय दवाखाना हाय?"

बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मालक हसून ताटलीभर मिरच्या घेऊन आला. मला जरा बरं वाटलं.

मग कोणी जेवायला सुरुवात करेना. मी बघितलं तर ती मुलगी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं आबाकडं मान वळवली आणि सावकाश, एकेक अक्षर धरून म्हणाली, "आबा, जेवा."

"व्हय, व्हय, तू बी जेव," आबा म्हणाला.

मग वहिनीला, "आत्या, जेवा." मग माझ्या बायकोला. पुतण्या मला ऐकू जाईल असं, पण कोणाकडंही न बघता म्हणाला, "हिच्या घरी अशीच रीत हाय. थोरल्या मानसांना एकेकाला जेवा म्हनायचं. त्यांनी व्हय म्हटल्याबिगर धाकट्यानं घास घ्यायचा न्हाय."

आणि ती माझ्याकडं वळली. "तात्या, जेवा."

मी गप्प बसलो. वाडग्यातली वाफ आमच्या मध्ये सरळ वर चढत होती आणि तिच्या पलीकडं तिचा चेहरा हलल्यासारखा वाटत होता, कालव्याच्या पाण्यात बघितल्यासारखा. ती तशीच थांबली. रागावली नाही, पुन्हा म्हणाली नाही, नुसती थांबली. बाजारात मी थांबून भल्याभल्यांना वाकवलंय. दुसरा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, हाच तर सगळा धंदा. पण ही पोरगी भुकेली होती आणि समोरचं निवत चाललं होतं, आणि तिच्या मनात कसला सौदाही नव्हता. तिला खरंच माझ्याआधी जेवायचं नव्हतं, एवढंच.

मी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. तेवढं तिला चाललं. तिनं शेवया खायच्या काड्या हातात घेतल्या.

पहिला घोट गेला आणि मी बारामतीत राहिलो नाही.

आमच्या वडलांकडं मेंढरं होती. शेती पुढं आली, मेंढरं गेली, पण माझ्या लहानपणी अजून मेंढरांचा वाडा रानात बसायचा. वर्षाच्या देवाला बोकड पडायचा. आमच्याकडं मटण आधी नुसतं हळद-मीठ घालून शिजवतात, आणि मसाला पडायच्या आधी वरचं पाणी काढून ठेवतात. मीठ असलं तरी त्याला अळणी म्हणायचं. लेकरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला ते आधी. पंगतीतसुद्धा आधी वाटीभर अळणी येतं. ते प्यायचं, वाटी खाली ठेवायची, मग भाकरी येते आणि तिखट रस्सा येतो. आई आम्हा दोघांत मिळून एक जर्मनची वाटी द्यायची. आबा थोरला म्हणून वाटी त्याच्या हातात. तो फुंकर मारत बसायचा. मला ते चटका बसेल असंच पाहिजे असायचं, आणि याच्या फुंकरीनं ते निवून जायचं, म्हणून मी रडून आकांत करायचो. भोवती ओल्या लोकरीचा वास, कुत्र्यांची अंगं, चुलीच्या उजेडात आईचे नुसते हात. आईचा चेहरा मला त्या आठवणीत कधीच दिसत नाही. हात दिसतात, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या.

त्या वाडग्यातल्या पाण्यात हे सगळं होतं. हळद नव्हती आणि चक्रीफुलाचा वास परका होता, पण घशाखाली उतरून छातीत पसरायची रीत तीच. मी पीत गेलो. थांबलोच नाही. डोळे मिटले होते की उघडे, सांगता येणार नाही. ऊन पापण्यांवर होतं. कधीतरी वाडग्याचा तळ आला, शेवयांचा पांढरा ढीग ओठाला लागला, तसा मी वाडगा खाली ठेवला, बाजूला सारला, मिशा पुसल्या आणि वाट बघत बसलो.

किती वेळ बसलो कोणास ठाऊक. पलीकडं आबाही तसाच बसला होता. त्याचाही वाडगा बाजूला सारलेला, पाणी संपलेलं, शेवया आणि तुकडे जसेच्या तसे. त्यानं उजव्या हाताची बाही दुमडून घेतली होती. भाकरी मोडायला माणूस दुमडतो तशी.

"रस्सा कवा येनार रं?" आबानं विचारलं.

"इचारतो की," मी म्हणालो, आणि हात वर केला. "अवो मालक, आमचं अळणी झालं. आता रस्सा-भाकरी येऊ द्या."

मालक गल्ल्यामागं उभा राहून आमच्याकडं बघत राहिला. पुतण्यानं मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"तात्या," मालक जरा चाचरत म्हणाला, "जेवन हेच हाय. दुसरं काय येत न्हाय ह्याच्या मागं."

"हेच म्हंजी?"

"पानी आन् शेवया एकातच खायाच्या असत्यात. तुमी नुसतं पानीच पिलं."

"मग ते आधी सांगायचं की, मर्दा! पाटी लावायची दारावर!"

"कुनाला काय ठावं, तुमी असं कराल," तो म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आवरेना.

वहिनी आबाला म्हणाली, "तुमी तर बाही बी दुमडून बसलाव."

"ह्यानं वाडगा ठिवला म्हनून मी ठिवला," आबा म्हणाला.

"मी? आबा, तू आधी ठिवलास!"

"तू."

"अरं मी डोळ्यानं बगितलं..." आणि तिथं मी थांबलो. टेबलाभोवतीचे सगळे आमच्याकडं बघत होते. आम्ही बोललो होतो. ठरवून नाही, कोणी मध्ये पडून नाही. रस्सा मागता मागता बोलून गेलो होतो, आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

पुतण्यानं त्याच्या बायकोला तिच्या भाषेत काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, ही आता हसेल. ती हसली नाही. उठली, आमचे दोन्ही वाडगे उचलून आत घेऊन गेली. आतून तिचं आणि मालकाचं काहीतरी खाणाखुणांचं बोलणं ऐकू आलं. वाडगे परत आले तेव्हा पाणी काठोकाठ होतं आणि पहिल्यापेक्षा कढत होतं. तिनं पाला हातानं तोडून टाकला, लिंबू पिळलं, मिरचीच्या चकत्या माझ्या वाडग्यात जास्त टाकल्या. एवढ्या वेळात तिनं माझं तिखट ओळखलं होतं.

मग आम्ही जेवलो. आबानं काड्या हातात धरून बघितल्या, शेवया निसटून पुन्हा पाण्यात पडायला लागल्या, तसा त्यानं चमचा घेतला. मला चव सांगता येत नाही. ऊन, वाफ, पुदिना, दाताखाली मोडणारे मूग. मध्येच बाहेरून उसाचा एक तुरा वाऱ्यावर तरंगत आला, काचेला लागला, थोडा वेळ तिथंच राहिला आणि गेला. 

जेवण झाल्यावर बायकोनं पिशवीतून खण-नारळ काढला. हॉटेलातच, मोकळ्या वाडग्यांच्या मध्ये, तिनं त्या मुलीची ओटी भरली. मुलीनं ओढणी दोन्ही हातांनी पसरून धरली. तांदूळ पडताना ती त्यांच्याकडं नवलानं बघत होती. मग ती वाकली. आधी माझ्या बायकोच्या पाया पडली, मग माझ्याकडं आली.

मी पाय मागं ओढून घेतले.

राग उसळला म्हणून नाही. हिशेब असा होता, की हिला आशीर्वाद दिला की सगळं मिटलं, आणि मिटलं की आबा सुटला. दोन वर्षं मी जी गोष्ट छातीशी धरून बसलो, ती एका वाडग्यात विरघळून गेली असती आणि मला काहीच मिळालं नसतं. मी काय मागतोय, हे कोणी मला विचारलंसुद्धा नव्हतं.

ती तशीच अर्धी वाकलेली राहिली. आबा उठला. "तिच्यावर नगो काढू," तो हळू म्हणाला. "माझ्यावर काढ. काय पायजेल तुला, बोल."

"चल माझ्यासंगं."

"कुठं?"

"तितंच. त्या अंगणात. मी जितं हुबा हुतो तितं हुबा राहा आन् बोल, की ह्यानं शबुद मोडला न्हाय, मी मोडला."

"येतो की. उद्या सकाळच्या पारी जाऊ."

"उद्या न्हाय. आत्ता."

वहिनी म्हणाली, "भावजी, जेवल्या पावली कुठं नेताय त्यांला?"

आबानं हातातली टोपी डोक्यावर घातली. "चल," तो म्हणाला.

माझ्या गाडीत आम्ही दोघंच. बाकीच्यांना पुतण्याच्या गाडीतून माझ्या बहिणीकडं सांगवीला जायला सांगितलं. भवानीनगरचा रस्ता त्या दिवसांत उसानं भरलेला असतो. ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेली चिपाडं. आमची गाडी त्यांच्या मागं मागं रांगत होती. दोन्ही बाजूला तोडायचे राहिलेले उसाचे फड, आणि त्यांच्या तुऱ्यांवर ऊन असं पसरलेलं, की सगळं रान पाण्याखाली उभं असल्यासारखं वाटत होतं. कारखान्याचा गोड, जळका वास लांबूनच सुरू झाला. पोटात ते कढत पाणी होतं. झोप येत होती आणि येत नव्हती. आबा खिडकीतून बाहेर बघत होता. एकदा तो नुसतं एवढंच म्हणाला, "हितं पूर्वी वाडा बसायचा आपला," आणि मी बघेपर्यंत ती जागा मागं गेली.

शेतकरी अंगणातच होता. बागेतून येऊन हातपाय धूत होता. आम्हाला दोघांना उतरताना बघून तो तांब्या हातात धरून उभा राहिला. आबा चालत गेला आणि बरोबर मी जिथं उभा राहिलो होतो तिथं जाऊन उभा राहिला. ती जागा त्याला कोणी दाखवली नव्हती. त्या अंगणात आलेला माणूस तिथंच उभा राहतो, असं असेल.

"मी पोराचा बा," तो म्हणाला.

"वळकलं," शेतकरी म्हणाला.

आबाला बोलता येत नाही. आयुष्यभर त्यानं मेंढरांशी आणि उसाशी बोलणं केलं. त्याचे शब्द मध्येच संपत होते. "ते त्या टायमाला," तो म्हणाला, "मला ठावं हुतं. पोराचं. म्हंजी दिवाळीलाच. आन् ह्याला ठावं न्हवतं." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. हे ऐकायला मी दोन वर्षं थांबलो होतो, पण ते कानावर पडायला लागलं तसं मला अंगणात उभं राहवेना.

"बास, आबा," मी म्हणालो. "झालं. पोचलं त्यांच्यापतुर."

"तुमी गप बसा," शेतकरी मला म्हणाला. "त्यांना बोलू द्या. तुमचं मी पुष्कळ ऐकलंय."

मी मागं सरलो. माझ्या गाळ्यावर येऊन कोणी मला असं म्हणालं असतं, तर दहा गाळ्यांना ऐकू गेलं असतं.

आबा खाली बघत म्हणाला, "मी सांगनार हुतो. रोज ठरवायचो. पर मला ह्याच्या रागाचं भ्या वाटलं. ल्हानपनापासनं ह्याचा राग तसाच हाय. आज सांगू, उद्या सांगू, असं करीत गेलो आन् ह्यानं शबुद देऊन टाकला. मंग तर लईच भ्या वाटाया लागलं. ह्याची कायबी चूक न्हाय. माझीच हाय."

बागेतून फवाऱ्याच्या मोटरीचा आवाज येत होता, तो थांबला.

"भ्या वाटतंच की," शेतकरी म्हणाला. "भाव करायला हे माझ्या बागंत आले की मी बी आधी पानी पिऊन घेतो."

मी त्याच्याकडं बघितलं. तो चेष्टा करत होता की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही. त्यानं घोंगडी टाकली. आम्ही बसलो. आतून चहा आला, तो प्यालो. मुलगी सुखात आहे, तिला दिवस गेलेत, असं तो म्हणाला. आबानं मान हलवली. बागेला यंदा फळ कमी आहे पण रंग चांगला धरलाय, असं शेतकरी मला म्हणाला. मी एरवी लगेच उठून झाड बघायला गेलो असतो. त्या दिवशी उठलो नाही.

आम्ही परत गाडीत बसलो. राग गेला होता, असं मी म्हणणार नाही. राग होता, पण बाजार उठल्यावर गाळ्यात राहिलेल्या मोकळ्या क्रेटसारखा. आहे, आणि त्यात काही नाही. मला सारखं एकच दिसत होतं. हा माणूस रोज सकाळी उठतोय, मला सांगायचं ठरवतोय, फोन हातात घेतोय आणि खाली ठेवतोय. माझ्या दारापासून थोड्याच मैलांवर.

"उद्या दोघांला घेऊन ये घरी," मी म्हणालो. "जेवायला. तू आन् वहिनी बी या."

आबानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "असं गाडीत आवतन देत्यात व्हय?"

"मंग कसं देत्यात?"

"दारात येऊन देत्यात. नवी सून हाय घरात. मी काय वाटंवर बसलेला हाय का, तू गाडीतनं सांगावा फेकायला?"

"आता सगळी सांगवीला गेल्यात. घराला कुलूप हाय तुझ्या."

"किल्ली हाय माझ्याकडं."

मी गाडी सणसरच्या रस्त्याला घातली. ऊन उतरायला लागलं होतं. घराच्या भिंती पिवळ्या दिसत होत्या आणि अंगणात एक कोंबडी सोडून कोणी नव्हतं. दोन वर्षांत आबानं दाराला नवा रंग दिला होता. त्यानं कुलूप काढलं, आत गेला, चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत उभा राहिला. मी अंगणात. रिकाम्या घरात त्याच्या मागं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"बोल," तो म्हणाला.

"उद्या दुपारी सगळ्यांनी आमच्यात जेवायला यायचं," मी म्हणालो. "पोरानं, सुनंनं, तुमी दोघांनी."

"दुपारी जमायचं न्हाय. दुपारची लाईट हाय, उसाला मोटार चालू करायचीय. रातच्याला येतो."

"रातच्याला न्हाय. दुपारी. बायकोला सगळं करायचं असतंय."

"मंग तिला सांग, रातच्याला कर म्हनावं."

"आबा, पाव्हन्यानं का वेळ ठरवायची असती?"

"मी कुठं पाव्हना हाय?" तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर हात टेकून उभा राहिला. वाट बघत.

मी बराच वेळ ताणलं. सूर्य उसाच्या आड गेला, अंगण निळसर झालं, आणि आम्ही दोघंही आपापल्या जागेवरून हललो नाही. शेवटी मी रात्र कबूल केली.